ती दमली आहे, असं मी सांगितलं

आई,

धाकटी माझ्याशी बोलत नाही. आज बारावा दिवस. तुला जाऊन चोवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, कारण गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणं मला बावळटपणा वाटतो. अजूनही वाटतो. पण तिचं बोलणं कळणारं दुसरं माणूस मला या जगात आठवत नाही. तुला कळायचं, मला कळतं, बस. बाहेरच्यांना तिच्या तोंडून नुसता ओढलेला आवाज ऐकू येतो. आपल्याला त्यात पाणी, पंखा, पाठ, कंटाळा, सगळं वेगवेगळं ऐकू यायचं. आता तो आवाजच बंद आहे. भरवलं तर चार घास खाते, कूस बदलून दिली तर घेते, काही विचारलं की भिंतीकडे बघते. डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती पाहिली, काही नाही म्हणाले. ते मलाही माहीत होतं. परवा मी तिच्यापुढे हात जोडले. मी, जिच्या तासाला वर्गातल्या साठ मुली पेन्सिल खाली पडली तरी उचलत नसत. तिनं डोळे मिटून घेतले.

क्वार्टर्समधलं ते नवरात्र तुला आठवत असेल. पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची इथली तमिळ पद्धत आपण शेजारच्या मामींच्या आग्रहाखातर उचलली होती. संध्याकाळी बायका येत, हळदीकुंकू आणि पान-सुपारी घेत, द्रोणातलं हरभऱ्याचं सुंडल खात आणि घरातल्या मुलींना गाणं म्हणायला लावत. धाकटी तेव्हा सतराची. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, खरं बोलण्याचा नवा नाद लागलेली. गाणं तिला येणार नाही, म्हणून मामींनी तिच्या हनुवटीला हात लावून विचारलं, "तू गं, देवी अम्मनकडे काय मागितलंस?" धाकटीनं उत्तर दिलं. मामी माझ्याकडे वळल्या, "काय म्हणते?" आणि मी जसंच्या तसं सांगितलं, "नवरा मागितला म्हणते. मिशीवाला." सगळ्या एकदम हसल्या. "अय्यो, मिशीसुद्धा हवी!" मामी म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्यानं धाकटी हसत होती. तू हसली नाहीस. तू मामींना म्हणालीस, "ही थोरली चेष्टा करते हो, ती म्हणाली बाहुल्या छान आहेत."

मग मला आत बोलावलंस. विळीवर अर्धा नारळ तसाच होता. "सगळं सांगायचं नसतं," तू म्हणालीस. मी म्हटलं, "पण तीच म्हणाली." "ती म्हणेल. तिला काय कळतंय? उद्यापासून या बायका कॉलनीभर मिशीवाला, मिशीवाला करतील, आणि ही मागत बसेल जे आपल्यापैकी कुणी तिला आणून देऊ शकत नाही. तिचं तोंड तू आहेस. सांभाळून उघड." मी मान खाली घातली. तू पुन्हा नारळ खवायला बसलीस आणि मी बाहेर जाऊन सुंडल वाढलं. त्या संध्याकाळी मी तुझ्यावर रागावले होते असं मला आजवर वाटत होतं. गेल्या बारा दिवसांत नीट आठवून पाहिलं. मी रागावले नव्हते. मला मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतर मी तयार झाले. तिनं दाराशी आलेल्या भाजीवालीला शिवी दिली की मी सांगायची, आज भेंडी नको म्हणते. तिला लग्नाला यायचं असलं की मी सांगायची, तिला गर्दी सोसत नाही. शाळेत नोकरी लागली तेव्हा तू मला मनगटी घड्याळ दिलंस, सोन्याच्या रंगाचं, आणि स्वतः माझ्या हातात बांधत म्हणालीस, "साडेचारला घरी." मी इतकी वर्षं साडेचारला घरी आले. मला विचारणारे दोघे होते, त्यातला एक तुला माहीत नाही. दोघांनाही मी तिचं कारण सांगून परत पाठवलं. लोक मला त्यागी म्हणत आणि मी त्यांना अडवत नसे.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. दीड वर्षापूर्वी धाकटीच्या व्हीलचेअरचं पुढचं चाक अडकायला लागलं. स्टेशनजवळच्या गल्लीत या खुर्च्या दुरुस्त करणारा एक माणूस आहे. पन्नाशी उलटलेला, लहानपणी पोलिओ झालेला, एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि काखेत कुबडी. तो घरी आला, जमिनीवर बसला, चाक काढलं, आणि मला न विचारता तिलाच विचारलं, "मॅडम, वंडी," म्हणजे गाडी, "कुठल्या बाजूला ओढते?" आपल्याकडे येणारा प्रत्येक माणूस तिच्याबद्दल मला विचारतो. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर करून मला थांबवलं. धाकटी म्हणाली, डावीकडे. त्याला कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा, चौथ्यांदा त्याला कळलं. तिला हसू आवरेना. मग तो येत राहिला. कधी ब्रेक, कधी पाय ठेवायची पट्टी, कधी काहीच नाही. मी कॉफी द्यायचे, समोर बसायचे, आणि अडेल तिथे तिचं बोलणं सांगायचे. तो गोष्टी सांगायचा, ती त्याच्या कॅलिपरची टिंगल करायची, "चालताना भांड्याचं दुकान येतंय असं वाटतं." हे मी सांगितलं. हे सांगण्यासारखं होतं.

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी ती त्याला म्हणाली, "तुम्ही माझ्याबरोबर राहाल का? दुरुस्तीला नाही. राहायला." ती पुढे म्हणाली, "मला सगळे उचलतात. जवळ कुणी घेत नाही." तमिळमध्येच म्हणाली, तिच्या मानानं अगदी स्वच्छ. तो माझ्याकडे वळला. "अक्का, काय म्हणतात त्या?"

मी म्हटलं, "ती दमली आहे म्हणते. नंतर या."

तिनं ऐकलं. तिला तमिळ माझ्याइतकंच येतं. ती भांडली नाही, आई. सवय होती. तिनं फक्त तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, त्याच्याकडे बघून, आणि मी पुन्हा म्हटलं, "फार दमली आहे." तो उठला, कुबडी घेतली, "सरी, ठीक आहे, अक्का," म्हणाला आणि गेला. त्यानंतर आला नाही. मी स्वतःला कारणं दिली. तिला उचलून न्हाणीघरात नेणारी बाई दोन वेळा येते, तेव्हा हा कुठे बसणार? बिल्डिंगमधले काय म्हणतील? हा घाबरून पळाला तर तिचं काय होईल? सगळी कारणं बरोबर होती. गणितासारखी मांडली मी ती. उत्तर आधीच ठरलेलं होतं, हे कुठेही लिहिलं नाही.

ती रुसली होती म्हणून मी तिला सिनेमाला नेलं. मैलापूरला एका छोट्या हॉलमध्ये तिच्यासारख्या माणसांसाठी कुणीतरी सिनेमा दाखवणार होतं. पुढच्या रांगांतल्या खुर्च्या काढून व्हीलचेअरना जागा केली होती. अपंगांवरचा सिनेमा म्हणजे शेवटी बक्षीस मिळतं, टाळ्या होतात, अशी माझी समजूत. तसा नव्हता. समुद्राकाठच्या गावातली एक बाई, धाकटीसारखीच खुर्चीतली, तशीच बोलणारी, काकूबरोबर राहते. तिला ब्लाउज शिवायचा असतो आणि गावातल्या शिंप्याची दृष्टी गेलेली असते. तो वितीनं माप घेतो. मनगट, कोपर, दंड, खांदा. काकू शेजारी उभी. माप घेता घेता त्याचा हात खांद्यावर थांबतो आणि तीही श्वास धरते. मला तिथून उठावंसं वाटत होतं. मी दाराकडे पाहिलं. आमच्या पुढे दोन व्हीलचेअर चिकटून उभ्या होत्या, त्यातल्या दोघांचे हात एकमेकांत होते, आणि त्यांची लाज मलाच वाटत होती.

सिनेमा दुसऱ्याच भाषेतला होता, खाली तमिळ अक्षरं येत होती. धाकटीनं मला विचारलं, "खाली काय लिहितात?"

"ती बोलते ते."

"सगळं?"

"सगळं."

"वाच."

मी कुजबुजत वाचलं, "काकू, तू बाहेर जा. माप नंतर घेऊ दे. आधी मला त्याचा हात हवा आहे."

पडद्यावरची काकू बाहेर गेली. तिनं दार ओढून घेतलं. धाकटी अक्षरांकडे बघत होती. मग म्हणाली, "ताई, तिच्या जागी मी असते तर खाली लिहून आलं असतं, ती दमली आहे."

हे तिचं शेवटचं वाक्य. सिनेमा कसा संपला मला सांगता येणार नाही. परत येताना टॅक्सीत मी बोलत होते, घरी गेल्यावर इडलीचं भिजवायचं आहे, असलं काहीतरी. आणि डोक्यात एकच होतं, की तिनं 'वाच' म्हटलं. कारण तिला वाचता येत नाही. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. मठ्ठ म्हणून ओवाळून टाकलेल्या मुली मी पास केल्या. घरातलीला अक्षर शिकवलं नाही. वाचून ती काय करणार, तू म्हणाली होतीस, आणि तुझ्या तेवढ्या एकाच वाक्यावर मी तपासून न पाहता बरोबरची खूण केली. तिला वाचता आलं असतं तर बोटाच्या पेरानं का होईना, फोनवर तिनं स्वतःच त्याला लिहिलं असतं. मधे मी लागले नसते.

दहाव्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेले. तो उलट्या खुर्चीत डोकं घालून बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ती त्या दिवशी काय म्हणाली, दोन्ही वाक्यं, शब्द न गाळता. मी खोटं सांगितलं, हेही. वाटलं, ओरडेल. त्यानं हात पुसले.

"मला तेच ऐकू आलं होतं, अक्का," तो म्हणाला. "पण एवढी मोठी गोष्ट. खात्री करावी म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, दमली आहे. मला वाटलं, आपल्याच मनातलं आपल्याला ऐकू आलं. घरी जाऊन लाज वाटली मला."

मी म्हटलं, "ती जेवत नाही. बोलत नाही. तुम्ही या. काय ते उत्तर मी तिला सांगते."

"नाही. विचारलं त्यांनी. सांगणार मी, त्यांनाच. तुम्ही खोलीत नको, अक्का. रागानं म्हणत नाही."

मी हो म्हणाले. घरी येऊन तिला सांगितलं, सगळं सांगून आले, परवा चारला तो येणार आहे. त्या क्षणी तिनं माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. आज दुपारी कपाटाकडे मान केली. मी तिची मोरपंखी साडी काढली, नेसवली, केस विंचरले. थांबते, घंटी वाजली.

तो आत आहे. दार मी ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसले. अर्धा तास झाला. आधी त्याचाच आवाज येत होता, हळू, मला न कळेल इतका. आता ती बोलली. बारा दिवसांनी. भिंतीपलीकडून, भांड्यांच्या फळीमागून, मला तिचा शब्दन् शब्द कळला. ती काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही, ते माझ्यासाठी नव्हतं. तो म्हणतोय, "परत सांगा, मॅडम." ती परत सांगतेय. "परत एकदा." दोनदा मी दारापर्यंत जाऊन आले. आत जाऊन एका वाक्यात सांगून टाकता येईल, या वेळी खरं खरं. ती तिसऱ्यांदा तेच म्हणतेय, आवाज चढलाय तिचा, आणि तो म्हणतोय, "घाई नाही."

त्याला अजून कळलेलं नाही. आणि आई, याचंच मला बरं वाटतंय.