गोकर्णीला कागदाच्या टोप्या

पप्पा, मागच्या अंगणातला पांढऱ्या गोकर्णीचा वेल गेला. आईनं बदनापूरचं घर भाड्यानं दिलं आणि भाडेकरूला तिथं गाडीसाठी शेड पाहिजे होतं. आई आता घनसावंगीला मामाकडं असते, मी जालन्यात नोकरीला लागले, इथंच एक खोली घेतलीय. फोनवर मी आईला म्हणलं, वेल तेवढा ठेवायला सांग ना त्यांना. तर म्हणली, "अगं वेल हाय तो, म्हातारं माणूस न्हाई सांभाळायला सांगायला." मंग म्हणली, "तुला पाहिजे तर घेऊन जा." पातेलं घेऊन जा म्हणल्यासारखं.

तुम्ही गेले तेव्हा मी सातवीत होते. तुमचा आवाज आता मला नीट आठवत न्हाई, पण एक वाक्य बराबर आठवतं, "उद्याची कळी कोणती, दाखव." सांजच्या गाडीनं तुम्ही जालन्याहून यायचे. दिवसभर बियाण्याच्या कंपनीच्या प्लॉटवर बायांकडून कपाशीचं क्रॉसिंग, म्हणजे एका वाणाचे पराग दुसऱ्याच्या फुलाला लावायचं काम, करून घ्यायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच. कपाशीच्या फुलांवर घालायच्या लाल कागदी पिशव्या तुमच्या खिशातून निघायच्या. शेजारच्या काकूंची निळी गोकर्ण भिंतीवरून आपल्याकडं आलेली, आणि काळे भुंगे सकाळी दोन्ही वेलांवर फिरायचे. निळ्याचे पराग पांढऱ्याला लागले तर बियांत भेसळ होईल, म्हणून ज्या शेंगांचं बी धरायचं त्या कळ्यांना आदल्या सांजेलाच त्या पिशवीची टोपी. बाकीची फुलं भुंग्यांना, त्यांच्या शेंगा तुम्ही हिरव्या असतानाच खुडायचे. मी पिशवी धरून उभी आहे, तुम्ही दोऱ्याची गाठ मारताय, आणि भिंतीपलीकडून काकू म्हणतात, "भाऊ, फुलावर एवढा पहारा? पोरीवर तरी ठेवान का एवढा?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुमच्या निळ्याची नजर चांगली न्हाई, वहिनी."

होळी झाली की तुम्ही वेल गुडघ्याएवढा ठेवून सगळा छाटायचे. मला लई वाईट वाटायचं. एकदा मी रडले तर तुम्ही म्हणले, "केस कापल्यावर तू मेली का? मंग." उन्हाळाभर तो नुसता काड्यांचा खुंट दिसायचा, आणि पाऊस लागला की वेलासाठी बांधलेली तारेची जाळी पार झाकून जायची.

तर शेड व्हायच्या आधी मी वेल घेऊन यायला गेल्ते. उपटून आणायचा विचारच न्हाई केला, मूळ लई खोल गेलेलं होतं. मला बी नको होतं, पप्पा. बी म्हणजे दुसरा वेल. मला तुम्ही हात लावलेला पाहिजे होता. म्हणून व्हिडिओ बघून कटिंग्ज घेतल्या, डोळ्याच्या खाली तिरका काप, खालची पानं काढून टाकली, ओल्या वाळूत लावून वरून प्लास्टिक. रोज ऑफिसातून आले की आधी ते प्लास्टिक उचलून बघायचे. एकेक करून सगळ्या काळ्या पडल्या. तोपर्यंत तिकडं शेड उभं राह्यलं. माझ्याकडं उरलं काय, तर निघताना पर्समधी टाकलेल्या थोड्या वाळक्या शेंगा. तुमच्यामागं टोप्या कोणीच घातल्या न्हाईत, शेंगा आपल्या आपण तडकायच्या, बी पडायचं, खाली रोपं उगवायची. कशाचं बी आणि कशाची भेसळ, कोणाला माहीत.

मंग एका रविवारी मी फोनवर वाचत बसले. तिथं लिहिलेलं, गोकर्णीची कळी उमलायच्या आधीच आतल्या आत तिचं पॉलिनेशन झालेलं असतं. भुंग्याची गरजच पडत न्हाई. मी तीन-चार ठिकाणी बघितलं, सगळीकडं तेच. म्हणजे त्या टोप्या उगंच होत्या. कपाशीची सवय तुम्ही गोकर्णीला लावली. काकूंना फोन करून सांगितलं तर त्या हसून म्हणल्या, "म्हणजे माझ्या वेलाला फुकट बदनाम केलं म्हण की तुझ्या बापानं." मी पण हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते परत उघडून वाचलं. सकाळी मी उठायच्या आत तुम्ही गेलेले असायचे, सांजेला माझं होमवर्क इंग्लिशमधी, ते तुम्हाला विचारता यायचं न्हाई. आपण दोघांनी मिळून केलेलं काम एवढं एकच होतं.

शेवटी बिया लावल्या. तुम्ही करायचे तसं फरशीवर जरा घासून, रात्रभर भिजवून, गॅलरीत रंगाच्या डब्यात. वेल चढले. पहिलं फूल पांढरं आलं. दुसऱ्या वेलाचंही पांढरं, तिसऱ्याचंही. मला पाहिजे होतं तेच आलं, तरी रोज सकाळी गॅलरीचं दार उघडून मी बघायचे आणि दार लावून आत यायचे. पांढऱ्याला पांढरंच येऊन राह्यलं म्हणजे ते वाचलेलं बिलकुल खरं, आणि टोप्या उगंच.

आज कोपऱ्यातल्या वेलाला निळं आलं. गडद, काकूंच्या वेलासारखं. पांढऱ्याच्या शेंगेतून निळं आपल्या आपण येत न्हाई, पप्पा, हे तुम्हाला मी काय सांगू. कोण्या भुंग्यानं भिंतीवरून पराग आणल्याशिवाय न्हाई.

मी चहा तसाच ठेवून आईला फोन लावला. म्हणलं, एक निळं निघालं. ती म्हणली, "मंग उपटून टाक ते, तुला पांढरं पाहिजे होतं ना." मी हो म्हणलं. हे तुम्हाला पाठवता येत असतं तरी बहुतेक पाठवलं नसतं, कारण ज्या पांढऱ्यासाठी तुम्ही एवढं केलं, ते डबाभर फुललेलं असताना मी इतके दिवस निळ्याची वाट बघून राह्यले होते.