तू रुंद केलेलं चुलीचं तोंड

आई, तू असतीस तरी तुला हे वाचता आलं नसतं, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. विषय तुझ्या चुलीचा आहे. निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती आणि गावोगाव विकास खात्याची जीप फिरायला लागली होती. नवऱ्यानं टाकलेली, सातवी शिकलेली तुझी मुलगी ट्रेनिंग घेऊन ग्रामसेविका झाली आणि नेमणूक मिळाली ती तेर गावाच्या पलीकडच्या आपल्याच गावाला. खांद्याला पिशवी, पिशवीत चुलीच्या तोंडाचा लाकडी साचा. तो मधे धरून भोवती माती थापायची आणि बिनधुराची सरकारी चूल घालायची. तोंड वीतभर, त्याहून बोटभरही जास्त नाही. मला तो साचा म्हणजे सरकारच वाटायचं. पहिली चूल मी तुझ्याच घरात घातली.

महिनाभर तू निमूट तिच्यावर स्वयंपाक केलास. धूर धुराड्यातून वर जातो, डोळे चुरचुरत नाहीत, एवढं कबूलही केलंस. पण तव्यावरची भाकरी काढून निखाऱ्यांच्या आराला उभी लावायला जागाच नव्हती, मग ती फुगणार कशी? तुराट्याही आत जाईनात. सरकारी माप फोडलेल्या लाकडाच्या हिशेबानं ठरवलेलं, आणि आपल्या भागात फोडायला लाकूड होतंच कुठं. एक दिवस मी फिरतीवरून आले तर तू खुरप्यानं तोंड चांगलं रुंद केलेलं, पुढं मातीचा बुटका कट्टा घातलेला आणि तोंडाला फुटक्या माठाचं खापर टेकवलेलं. भाकरी शेकताना खापर बाजूला, एरवी लावलेलं. धूर पहिल्यासारखाच वर. शेजारची चाची दारात उभी राहून बघत होती. "मेरे घर में बी ऐसाच डाल दे गे," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत तू तिच्याकडंही तशी चूल घातलीस. मला मात्र धडकी भरली. त्याच आठवड्यात जिल्ह्याचे साहेब पाहणीला यायचे होते.

मी काय केलं ते तू बघितलंसच. माती भिजवली, साचा लावला आणि तू रुंद केलेलं चुलीचं तोंड पुन्हा वीतभर करून टाकलं. तू ज्वारी निवडत बसली होतीस. "भाकरी म्या थापते का तुजा सायेब थापतो?" एवढंच बोललीस. मी फणकारले, "तुला काय कळतंय त्यातलं? माप चुकलं तर माझी नोकरी जाईल." त्या नोकरीशिवाय माझ्या हाती दुसरं काही नव्हतं हे खरं, पण ते वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

साहेब येतात. वहाणा दाराबाहेर काढतात, चुलीपुढं पाटावर बसतात, तुझ्या हातची भाकरी खातात. भाकरी चिवट झालेली आहे, पण माणूस भला आहे. जेवता जेवता विचारतात, "मावशी, काही अडचण? या चुलीत काही बदल करावासा वाटतो का?" तू माझ्याकडं बघतेस. मी धुराड्याकडं बघते. "न्हाय सायेब," तू म्हणतेस, "लई बेस हाय. पोरीनं चांगली घातलीया." जीप वळणाआड गेली न गेली तोच तू खुरपं उचललंस. वर्षभरात सगळ्या गल्लीत तुझ्यासारख्याच चुली झाल्या आणि माझा साचा पिशवीतच राहिला.

तू गेलीस त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या महिन्यात कळंबच्या एका शाळेत मला बोलायला बोलावलं होतं. लोकांच्या डोक्यातल्या नव्या कल्पनांना सरकारनं कसं बळ द्यावं, असा काहीसा विषय होता. एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, "तुमच्या वेळी सरकारनं बायकांना कधी विचारलं का हो?" मी तुझी चूल सांगितली, खापरासकट, आणि ठसक्यात म्हणाले, "विचारतंय कोण? हातात साचा दिला आणि माप दिलं." टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मी वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं.

कारण विचारलं होतं, आई. साहेबांनी तर तोंडानं विचारलंच, पण दर महिन्याच्या अहवालाच्या छापील कागदावरही शेवटी एक रकाना असायचा: गावातल्या स्त्रियांनी स्वतः केलेल्या सुधारणा. कुणीतरी मुंबईत बसून तो आखला होता, आणि तो तुझ्यासाठीच होता. तुझ्या चुलीवरची फुगलेली भाकरी खाऊन, त्याच पाटावर बसून मी तो कागद भरायची. आधी भीतीनं आणि पुढं नुसत्या सवयीनं, सहा वर्षं मी त्या रकान्यात एकच शब्द लिहिला. निरंक. म्हणजे, कुणी काही केलं नाही.