चिमीचं पोट

दादास,

राग आलाय, पण मोठा आहेस म्हणून आधी नमस्कार.

माझं बरं चाललंय, जेवण वेळेवर मिळतं. आईचा गुडघा कसा आहे?

इथे फार जुनी थडगी उकरतात. सांगाड्याच्या कंबरेखालची माती मी चमच्याने काढून डबीत भरतो. परवा तपासणाऱ्या मॅडमनी एका पोराच्या सांगाड्याखालची माती मला भिंगाखाली दाखवली. त्यात जंतांची अंडी होती, हजार वर्षं जशीच्या तशी.

"याला त्रास होत असेल?" मी विचारलं.

"तर काय. पोट दुखायचं, अंगात रक्त नसायचं. अशी पोरं माती खातात आणि घरचे त्यांनाच बदडतात."

मला तुझाच हात दिसला. चिमी भिंतीची माती खाते म्हणून तू तिला झोडपलंस, वर फोनवर हसत म्हणालास, "सोंगाडी आहे तुझी पुतणी." अक्कल काय चरायला गेली होती?

त्या पोराला औषध नव्हतं. आपल्या दवाखान्यात गोळी फुकट मिळते. वहिनीवर ढकलू नकोस, उद्या स्वतः घेऊन जा.

रविवारी फोन करीन. उचललास की चिमीच्या हातात दे आणि तू बाहेर जा. तुझ्याशी बोलायचं की नाही, ते तिचं ऐकून ठरवीन.

आईच्या पाया पडतो.

तुझाच,
धाकटा