माझ्याआधी तारा

रवि., ४ फेब्रु. २००१

आज पुन्हा ताराची साक्ष. पोट धरून लोळत होती, एकाही पुजाऱ्याचा अंगारा बाकी ठेवला नव्हता, घास टिकत नव्हता, मग येशूनं हात लावला अन् आता ताटभर भात खाते. सगळं खरं. फक्त एवढं सांगत नाई की तिले प्रार्थनेले हात धरून आणलं कोणी. मी आणलं. तिच्या मोठ्या जावेनं.

गाणं सुरू झालं तसे सगळ्यायनं दोन्ही हात वर केले. माझा डावा गेला. उजवा छातीपर्यंत आला अन् तिथीच थांबला, बैल नांगराले अडते तसा. तारा समोर होती. दोन्ही हात आभाळात, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. मी गाणं सोडून तिच्या बांगड्या पाहात बसली.

पास्टरभाऊ म्हणतात, देव काय करते ते लिहून ठेवत जा. म्हटलं, मले अक्षर येत नाई. म्हणे सुनेले सांगा. तर वनिता लिहून राह्यली. तिनं 'मला मत्सर वाटला' असं लिहून वाचून दाखवलं. म्हटलं, मी 'जळली' म्हणाली, तेच लिही. मत्सर शिकलेल्या बायकांले होते.

मंगळ., ६ फेब्रु.

बाजार. खांदा गेल्यापासून टोपली डोक्यावर चढवता येत नाई. चुंबळ खुंटीवरच आहे. माझी घरं आता तारा करते. शाळेजवळची मास्तरीण, डाकवाला, दवाईच्या दुकानाची बाई. तळ्यातले मासे तेच, गिऱ्हाईक माझं, टोपली तिची.

संध्याकाळी मास्तरीण रस्त्यात भेटली. म्हणे, आजी, तुमची जाऊ झिंगे फार स्वच्छ करून देते. म्हटलं, हो, मीच शिकवलं. (शिकवलं नाई. ती माहेरूनच शिकून आली.)

शुक्र., ९ फेब्रु.

रात्रभर ठणका. सकाळी वनितानं अंबाडा घालून दिला. सून केस विंचरते म्हणजे सुख, असं बाया म्हणतात. हिनं असे ओढले की पाप आठवलं.

वनिता म्हणते हे लिहिणार नाई. लिही.

रवि., ११ फेब्रु.

आज झालं ते.

पा.भाऊनं (वनिता 'पास्टर' पूर्ण लिहीत नाई, शाई वाचवते) माझ्या खांद्यासाठी प्रार्थना ठेवली. मले पुढं बोलावलं. बसली. मग म्हणाले, ज्याले देवानं दिलं त्यानं मागणाऱ्यावर हात ठेवावा. अन् तेलाची वाटी ताराच्या हाती दिली.

तारा आली. माझ्या डोक्यावर हात ठेवाले.

आता पा.भाऊ सिरोंच्याकडचे, त्यायले कोणी सांगितलं नसन. पण तारा तर या घरातली आहे. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती माझ्या पायावर डोकं ठेवते. दिवाळी, नवं पातळ, माहेरी जाणं, काही असलं तरी आधी माझे पाय. आम्ही विश्वासी झालो, देव्हारा गेला, कोंबडं-नारळ गेलं, पण पाय राह्यले. अन् तीच आता उभी अन् मी खाली?

मी पदर डोक्यावर ओढला. म्हटलं, तेल नको, सकाळीच वनितानं लावलं.

लोक हसले. तारा वाटी धरून उभी राह्यली, मग ठेवून दिली. पा.भाऊनं दुसरं गाणं घेतलं.

घरी वनिता म्हणाली, आत्याबाई, खांदा बरा व्हायचा होता की जाऊ लहान करायची होती? मी म्हटलं भात वाढ.

बुध., १४ फेब्रु.

येशूशी भांडली आज, भांडी घासता घासता. म्हटलं, तारा मार्कंड्याच्या जत्रेत नारळ फोडत होती तेव्हा मी तुझ्यासाठी भावकीची बोलणी खाल्ली. दीर, ताराचा नवरा, बोलला, माझा पोरगा बल्लारपूरहून येऊन बोलून गेला. तुझ्या घरात मी आधी शिरली. मग आधी तिले काऊन? रांग नाई काय तुझ्याकडं?

डाव्या हातानं घासलेली कढई तशीच काळी.

सोम., १९ फेब्रु.

वनितानं शास्त्र वाचून दाखवलं. ती बाई, जिले वर्षानुवर्ष रक्त जाये. वैद्यायपाशी सगळं घालवून बसली. येशू दुसऱ्याच कोणाच्या घरी, कोणाच्या पोरीले बरं कराले चालला, अन् ही गर्दीत मागून घुसली. कपड्याचा काठ धरला. समोर गेली नाई, कोणाच्या आधी कोण ते विचारलं नाई.

म्हटलं पुन्हा वाच.

वनितानं पुन्हा वाचलं. मग म्हणे, तुम्ही तर मागून घुसाल तरी पुढच्याले धक्का द्याल.

खरं आहे. पण ती बाई गेली तर खरी. मी पदर ओढून बसली.

बुध., २१ फेब्रु.

आज महाशिवरात्र. अर्धं गाव मार्कंड्याले. माणसं तळ्यावर. रस्त्यात पाहाले कोणी नाई, म्हणून आजच ठरवलं. दुपारी ताराच्या घरी गेली. मनात बोलणं जुळवून गेली की, तारा, त्या दिवशी माझं चुकलं, ठेव बापा हात.

दार लोटलेलं. हाक नाई मारली. आत पाहते तर तारा खाली, गुडघे हनुवटीले, पोटावर फडक्यात गुंडाळलेली गरम वीट. जुनी वीट. ती मले ओळखू येते, तारा लोळत होती तेव्हा मीच चुलीतून काढून देत होती.

मले पाहून उठाले गेली. उठता आलं नाई.

"कधीपासून?"

"नाताळ झाल्यापासून, बाई." (मोठ्या जावेले आमच्यात बाई म्हणतात.) "आधी थोडं थोडं. आता रोजचं."

"अन् साक्ष देऊन राह्यली?"

"बरं वाटलं होतं ना. ते खोटं नाई. पा.भाऊ म्हणतात तुझ्यामुळे दोन घरं यायले लागली. मग कसं सांगू का पुन्हा दुखते म्हणून? लोक म्हणतीन हिचाच विश्वास कच्चा."

म्हटलं डॉक्टरकडं चाल. म्हणे, डॉक्टरकडं गेली तर कळनच सगळ्यायले. गडचिरोलीची मोठी सभा होऊ द्या, तिथी साक्ष आहे माझी, मग जाईन.

मी जुळवलेलं बोलणं विसरलीच. मग आठवलं तर म्हटलं, मी आली होती का तू हात ठेवशीन म्हणून. तर तारानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. म्हणे, "त्या दिवशी भाऊनं सांगितलं म्हणून आली मी. तुमच्या डोक्यावर हात ठेवून मी कुठी जाऊ, बाई?"

म्हणजे ती वाटी घेऊन उभी होती तेव्हा ती माझ्याहून जास्त भिऊन होती. अन् मी समजली मिरवून राह्यली.

विटेवरचं फडकं बदललं. आली.

गुरु., २२ फेब्रु.

कालचं एक राह्यलं. वनिताले रात्री सांगितलं नाई, आज सांगते.

ती वीट पाहिली तेव्हा आधी मले बरं वाटलं. तिच्यासाठी वाईट वाटलं ते मागून आलं. पाणी पिण्याएवढा वेळ मधी गेला असन. तेवढा वेळ मी खूश होती, का चला, हिलेही नाई भेटलं.

वनितानं पेन थांबवलं. म्हटलं, लिही. खोडू नको. देव काय करते ते लिहायचं, तर मी काय करते तेही लिही.

रवि., २५ फेब्रु.

तारानं साक्ष दिली. पूर्ण वेळ नजर माझ्यावर. ताटभर भात म्हणाली. मी मान हलवली, जसं सगळे हलवतात.

पहिल्यांदा असं झालं का ती पुढं उभी अन् दोरी माझ्या हातात. मी एक शब्द बोलली असती तर संपलं. मजा आली, नाई म्हणत नाई. घरी येईस्तोवर संपली.

शनि., ३ मार्च

तारानं उलटी केली, काळी. दिराले सांगितलं मासा बाधला. ढिवराच्या बाईले मासा बाधते, अन् हा माणूस मानतेही.

पुन्हा म्हटलं चाल. सभा होऊ द्या. तिचं एकच. ओरडली तिच्यावर. म्हटलं, त्या रक्तवाल्या बाईनं सभेची वाट पाहिली काय? तारा म्हणे, तिनं साक्ष आधी दिली नव्हती, बाई.

 

सोम., ५ मार्च

पा.भाऊले सांगू का नको. सांगितलं तर तारा पुन्हा माझं तोंड पाहणार नाई. अन् लोक म्हणतीन, जळत होती म्हणून बोलली. कोणी खोटंही म्हणणार नाई.

नाई सांगितलं तर...

वनिता म्हणते, पुढं? पुढं काही नाई. तसंच ठेव.

सोम., १२ मार्च

काल गडचिरोलीची सभा. मांडव, भोंगे, लांब लांबून लोक. आमच्या गावची जीप भरून. तारा खिडकीशी, ओठ पांढरे. मी तिच्या बाजूला बसली, तिचं डोकं माझ्या दुखऱ्या खांद्यावर. सरक म्हटलं नाई.

दुपारी तिचं नाव पुकारलं. उभी राह्यली, मंचावर गेली. "माझं पोट", एवढंच बोलली अन् थांबली. भोंग्यात तिचा श्वास ऐकू येऊन राह्यला. लोकायले वाटलं आनंदानं गळा भरला, हालेलुया सुरू झालं. मले दिसत होतं, ती खांब धरून होती.

मी उठली. मले कोणी बोलावलं नव्हतं. वनितानं पातळ ओढलं, मी सोडवलं.

वर जाऊन तो माईक घेतला. माझा आवाज मले लांबून आला. म्हटलं:

"मी हिची मोठी जाऊ. हिले येशूनं बरं केलं होतं, ते आम्ही पाहिलं. आता पुन्हा दुखते. नाताळापासून. हिनं सांगितलं नाई, तुम्ही सगळे खूश होते म्हणून. माझाही खांदा दुखते, पण तो राहू द्या. आमची साक्ष अजून व्हायची आहे. आज मागाले आलो आहो. अन् उद्या हिले दवाखान्यात नेतो. त्यासाठी प्रार्थना करा."

तारा तिथीच खाली बसली, मंचावर. तिचं डोकं माझ्या हाताखाली आलं. उजवा हात तेवढा खाली जाते. ठेवला. हे आमच्या रीतीत बसते, मोठीचा हात धाकटीवर. माझी प्रार्थना म्हणजे काय, हे बाप्पा, हे बाप्पा, एवढंच. पुढचे शब्द पा.भाऊले येतात.

ते मागून आले. चेहरा उतरलेला. हळूच म्हणाले, आजी, मले आधी सांगायचं होतं.

म्हटलं, तुम्ही पुन्हा तेल लावलं असतं.

ते हसले नाई. पण गुडघे टेकले, अन् मग सगळा मांडव बसला.

परत येताना जीपमध्ये तारा माझ्याशी बोलली नाई. ती दोन घरंही बोलली नाई. दीर म्हणाला, वहिनी, चार लोकात आमची इज्जत घालवली. मी तेवढं ऐकून घेतलं.

मंगळ., १३ मार्च

काल दवाखान्यात नेतो म्हटलं होतं. दिरानं नेऊ दिलं नाई. तारा आतून बाहेर आली नाई.

आज संध्याकाळी आली. डोळे सुजलेले. ओट्यावर बसली, पाया पडली नाई. पहिल्यांदाच. मी वाट पाहात राह्यली, सवय. मग म्हणाली, "गाडी किती वाजता आहे?"

गुरु., १५ मार्च

चंद्रपूर. दवाखान्याचा बाक. वनिता म्हणते इथी काय लिहायचं, घरी लिहू. म्हटलं, घरी गेल्यावर मी वेगळं सांगन.

दिराले पा.भाऊनं समजावलं. स्वतः जीप घेऊन आले. रस्ताभर फक्त ताराले दोनदा विचारलं, खड्डे लागतात काय.

वनितानं माझंही नाव लावलं, खांद्यासाठी. आलीच आहे तर दाखवून घ्या. ताराचं आधी पुकारलं. अर्थात.

ती केव्हाची आत आहे. मशीन लावून पोटाचा फोटो काढतात म्हणे. एक डॉक्टर गेला, मग दुसऱ्याले घेऊन आला. नर्स दारात येऊन म्हणाली, पेशंटच्या घरचं माणूस कोण? बाप्या माणूस नाई काय सोबत?

म्हटलं, मी आहो. मोठी जाऊ. मले सांगा.

तिनं मले पाहिलं, माझ्या पातळाले पाहिलं. म्हणे थांबा.

मधी माझं नाव पुकारलं. मी उठली नाई. पुन्हा पुकारलं. वनिता म्हणे आत्याबाई, नंबर जाईन तुमचा. नर्स म्हणाली, आजी, खांदा दाखवायचा नाई काय, पुन्हा रांगेत मागून यावं लागन.

म्हटलं जाऊ द्या मागं. ती बाहेर येऊ द्या आधी.

पा.भाऊ फाटकापाशी डोळे मिटून उभे. मी इथी. माझंही चालू आहे येशूशी बोलणं. काय ते लिहू नको, वनिता. पेन ठेव, दार उघडून राह्यलं.