शेरा: सक्रिय

३ मार्च, सोमवार
तीस कंपन्यांची यादी आली. सगळे सुट्या भागांचे जुने उत्पादक. कोण उभा, कोण आडवा, हे गिऱ्हाइकाला हवंय — आठवड्यात पडताळणी अहवाल द्यायचा.

माझ्या हाताखालच्या नव्या मुलीने पहिल्याच अहवालात लिहिलं, ‘कंपनी सक्रिय, सबब कामकाज व्यवस्थित चालू.’ ‘सबब’पासून पुढे मी लाल रेघ मारली. सक्रिय म्हणजे वार्षिक विवरण मुदतीत आलं, बस्स. आत यंत्र चालतंय की कोळी जाळं विणतोय, नोंदणी कार्यालयाला काय ठाऊक? सुप्त म्हणजे मालकानेच कळवलंय की सध्या व्यवहार नाही. ‘नाव वगळले’ म्हणजे नोटिशीला उत्तर आलं नाही. विसर्जित म्हणजे रीतसर संपली. काका, हे शिकलात कुठे, म्हणाली. कुठेच नाही! नियमपुस्तक वाचून, एकट्याने. पदव्या घेतलेले साहेब आज मुदतीची तारीख मला विचारतात.

४ मार्च
यादीतली एकोणिसावी कंपनी दादाची आहे.

एकेकाळी आमची म्हणायचो. शिलाई मशीनचे भाग करायचो. एका खेपेत अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला, तरी दादाने माल पाठवला. मी कामगारांदेखत त्याला लबाड म्हणालो. तो म्हणाला, “तू कारखान्यात नाही, फूटपट्टीत राहतोस.” संचालकपदाचा राजीनामा टेबलावर आपटला आणि निघालो. त्याला अकरा वर्षं झाली. बोलणं नाही.

पण दर एप्रिलात मी नोंद उघडतो. वरची एकच ओळ बघतो. सक्रिय! म्हणजे दादा बरा आहे. मिटवतो. दुसरं पान संचालकांचं, ते कधी उघडलं नाही. स्वतःचं खोडलेलं नाव कोण बघणार?

५ मार्च
विसापासून तिसापर्यंत उरकल्या. एकोणीस तशीच.

६ मार्च
अहवालात संचालकांची नावं लागतातच. मुलीकडे देता आलं असतं. दिलं नाही — दादाची कंपनी परक्याने का तपासावी?

दुसरं पान उघडलं. दादाचं नाव. पुढे ‘पद समाप्त. कारण: निधन.’ गेल्या वर्षीचा जानेवारी.

चौदा महिने! मधे एक एप्रिल येऊन गेला. मी ‘सक्रिय’ वाचलं होतं आणि चहा मागवला होता.

खाली एकच संचालक उरलाय. मी. राजीनामा त्याने कधी दाखलच केला नाही.

मुलीने विचारलं, काही चुकलं का. हो म्हणालो.

८ मार्च, शनिवार
गेलो. वहिनींनी दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि आत वळल्या. दार उघडंच ठेवलं, म्हणून मागोमाग गेलो.

कळवलं का नाही, हे कोणत्या तोंडाने विचारू? घर मी दोनदा बदललं, पत्ता दिला नाही. त्यांनीच परत आलेलं पाकीट पुढ्यात ठेवलं. जुना पत्ता, वहिनींचं अक्षर. फोडलं नाही, खिशात घातलं. शेवटी फार त्रास झाला नाही म्हणाल्या. माझी समजूत घालत असाव्यात.

कंपनीच्या चिटणीस त्याच. विवरणं त्यांच्याच सहीने जातात. वर्कशॉपची किल्ली मागितली — त्याच्या लेथजवळ जरा उभं राहायचं होतं.

“किल्ली कुठली, भावजी? तिथे टायरचं दुकान आहे. वर्कशॉप सहा वर्षांपूर्वीच बंद केलं यांनी.”

९ मार्च
एकोणिसावा अहवाल अजून कोराच आहे.

काल निघताना विचारलं होतं, मग इतकी वर्षं विवरणं भरली कशाला? वहिनी चपलांकडे बघत म्हणाल्या, “हे म्हणायचे, धाकटा बघत असेल. शेरा बदलला तर घाबरेल तो.”