निरोगी नमुना

४ मार्च
आज परत माझंच रक्त! लॅबमध्ये तुलनेसाठी निरोगी माणूस हवा असला की सगळ्यांना मी आठवते. एरवी डबा खायलाही कुणी हाक मारत नाही. दंडाला पट्टा बांधताना सरांचं ठरलेलं — तुम्ही म्हणजे आपला निरोगी नमुना. मीही हसले. काय करणार?

७ मार्च
दादाला फोन केला. उचलला नाही.

आधी त्याचं पोट, मग फुप्फुसं — शरीर स्वतःच्याच मागे हात धुऊन लागलंय, आणि डॉक्टरांना रोगाचं नाव सांगता येत नाही. मागे मीच त्याचं रक्त आणून सीटीएलए-४ तपासलं होतं. रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या अंगावरचं हे प्रथिन — त्यांचा ब्रेक. ते कमी पडलं की पेशी घरच्यांवरच उठतात. पण दादाचं अगदी माझ्याइतकं भरलं. केवढ्या तोऱ्यात सांगितलं मी — हे कारण नाहीये, तुझं प्रथिन नॉर्मल आहे! तो म्हणाला, "आता नाव कळलं तरच फोन कर."

आई गेल्यापासून माझं म्हणावं असा तो एकटाच. घर खायला उठतं.

८ मार्च
दिवसभरात एवढंच बोलले — लिफ्टमध्ये, "तिसरा मजला."

१३ मार्च
मला ताप, म्हणून माझं रक्त चालेना. सरांनी वैतागून स्वतःचाच दंड पुढे केला. पडद्यावर त्यांचं प्रथिन माझ्या नेहमीच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट! रसायन बिघडवलंत म्हणून माझ्यावरच डाफरले. नवी बाटली फोडली. तेच. मग वॉचमनकाकांचं रक्त घेतलं. सरांइतकंच.

मी दादाचा जुना रिपोर्ट काढला. दादा माझ्याइतका भरला होता, कारण मीच कमी होते. इतके दिवस सगळ्यांना माझ्याच मापाने मोजत होतो आम्ही! ब्रेक दोघांचा कमी असला तरी एकाच घरात एकाला सगळं होतं आणि दुसऱ्याला काहीच नाही, असंही असतं म्हणे. मला का नाही झालं? रडू आवरेना.

२६ मार्च
माझ्या जनुकाची तपासणी आली. खोट आहे. सर म्हणाले, भावाला घेऊन या, त्याचंही हेच निघालं तर यावर औषध आहे. पहिल्यांदाच त्यांनी मला पाणी आणून दिलं.

२७ मार्च
दादा फोन उचलेना. शेवटी मेसेज टाकला — नाव सापडलंय बहुतेक. माझ्यातही आहे.

लगेच फोन वाजला. नाव विचारलंच नाही त्याने.

"तू बरी आहेस ना गं?"