कोबी निर्दोष आहे

नाही आत्या, पट्ट्या खोट्या नव्हत्या, उकडलेल्या होत्या. फरक आहे. फोन तू उचलत नाहीस म्हणून मेसेज लिहितेय. आधी ऐकून घे, मग हवं ते बोल.

(नमस्कार राहिला, तो घे. गुडघा कसा आहे? काका काय म्हणतायत? इकडे मी ठीक.)

तर या पट्ट्या आमच्या प्रयोगशाळेत बनतात, बायोसेन्सर म्हणतात त्यांना. पट्टीवर एक एन्झाइम असतं. भाजीचा रस किंवा नुसतं पाणी टाकलं की ते कामाला लागतं आणि पट्टी निळी होते. भाजीवर कीटकनाशक असेल तर एन्झाइम गपगार पडतं, पट्टी पांढरीच राहते. इतकं सोपं, की म्हटलं सुट्टीत आत्याच्या ओट्यावर करून दाखवू. (हौस माझी होती, पण "आमची शास्त्रज्ञ आलीये" म्हणून शेजारच्या टेलरबाईंना बोलावलंस तू.) आता एन्झाइमला गारवा लागतो, म्हणून पाकीट मी तुझ्या फ्रिजमध्ये ठेवलं. आणि तू, जिला फ्रिजमध्ये परकी वस्तू दिसली की अंगावर पाल पडल्यासारखं होतं, ते उचलून ठेवलंस कुठे? शेगडीच्या वरच्या फळीवर! खाली दुपारभर तुझं सूपचं पातेलं रटरटत होतं. पट्ट्या वाफेनेच मेल्या, आणि मेलेली पट्टी कशानेच निळी होत नाही. प्रयोगशाळेत आम्ही पहिली पट्टी नुसत्या पाण्यात बुडवतो, ती निळी झाली तरच पुढे जातो. तेवढंच मी केलं नाही, कारण टेलरबाई सारख्या घड्याळ बघत होत्या.

कोबी पांढरा. गाजर पांढरं. टेलरबाईंनी पर्समधलं बिस्कीट दिलं, तेही पांढरं. तिथे तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती, पण तोवर तू जिन्यात होतीस. भाजीवाल्या दादांच्या दुकानासमोर उभी राहून जे बोललीस ते वर खिडकीत शब्दन्‌शब्द ऐकू आलं (कोपऱ्यावरच्या पोस्टातही गेलं असावं). ते बिचारे हातात काकडी धरून म्हणाले, "अहो ताई, हीच भाजी माझ्या घरी शिजते." तर तू म्हणालीस, "मग घरच्यांची तरी कीव करा!"

आता टेलरबाई कळवतात की दादांकडे गिऱ्हाईक फिरकत नाही, माल सडतोय, दुकान सोडायच्या गोष्टी चालल्यात. मी टेलरबाईंकडून दादांचीच भाजी कुरियरने मागवली आणि नव्या पट्ट्यांवर तपासली (आधी पाणी, हो). सगळं निळंशार. माणूस स्वच्छ आहे, आत्या. पण हे मी इथून चिठ्ठीत लिहून भागणार नाही. तू ओरडलीस रस्त्यात, तेव्हा चूक झाली हेही रस्त्यातच ओरडावं लागेल. संध्याकाळच्या गर्दीत जा. भाचीची चूक म्हणालीस तरी चालेल.

तुझी (अजून असेन तर) लाडकी,
भाची

ता.क. तू रागाने पाठवलेले तुझ्या गॅलरीतल्या कुंड्यांमधले टोमॅटो मिळाले. सोबतची चिठ्ठीही, "खरं अन्न असं असतं." अख्ख्या इमारतीला वाटतेस तेच ना हे? सवयीने पट्टी लावली. पाणी निळं, टोमॅटो पांढरा. दुसरा लावला, तोही पांढरा.

आणखी एक ता.क. काकांना ऑफिसात फोन केला. बराच वेळ हवापाण्यावर बोलले, मग कबूल केलं. तू फिरायला गेलीस की ते झुरळांचा फवारा कुंड्यांवर मारतात. पानावर अळी दिसली की तुझा दिवस खराब जातो म्हणे. रागावू नकोस, प्रेमाने मारतात. पण वाटलेले टोमॅटो आज घरोघर जाऊन परत माग, लहान मुलांच्या घरी आधी. लोक विचारतील, मग आता टोमॅटो आणायचे कुठून? तेव्हा दादांचं दुकान दाखव.

उत्तर लिहीत बसू नकोस, जिना उतर. माझी बस आली, फोन बंद करतेय. निघाले.